धर्माची गाय आणि तिचे दात

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी उतरवून घेतलेला असतो. नारिंगी शंकूचं चित्र, शेजारी डाउनलोडचं बटण. बटण दाबलं की फाइल भराभर येते आणि आपण कामाला लागतो. ती आली कुठून, हे कुणी पाहत नाही. एकदा पाहा. ब्राउझरच्या डाउनलोड यादीत फाइलचा मूळ पत्ताही नोंदलेला असतो. बटण असतं फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेचं, पण पत्त्यात बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचं नाव सापडतं. कधी एखादं विद्यापीठ, कधी एखादी इंटरनेट सेवा कंपनी, तर कधी स्वीडनमधल्या उमेओ शहरातलं विद्यार्थ्यांचं संगणक मंडळ.

या मंडळींनी व्हीएलसीची एक ओळही लिहिलेली नसते. त्यांना कुणी पैसे देत नाही. त्यांनी फक्त आपल्या सर्व्हरवर त्या फाइलींची एक प्रत ठेवलेली असते आणि मागेल त्याला ती ते देत असतात. अशा प्रतीला मिरर म्हणतात. लिबरऑफिस, डेबियन, फेडोरा, आर्च या लिनक्स प्रणाली, ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा, गणिती मजकूर छापणारं टेक् असे कितीतरी ओपन सोर्स प्रकल्प अशाच उसन्या खांद्यांवरून जगभर पोचले.

आता प्रकल्प चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शंभर-दोनशे सर्व्हर आपल्या नावाने आपला माल वाटताहेत. त्यांतला एकही आपल्या मालकीचा नाही, एकावरही आपला हुकूम चालत नाही. कुणाची डिस्क भरलेली, कुणाची प्रत महिन्यापूर्वीची, कुणाचा सांभाळणारा नोकरी सोडून गेलेला. मराठीत म्हण आहे, ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ दानात मिळालेल्या गाईचे दात तपासत बसू नये, एवढाच तिचा अर्थ. मिरर सांभाळणाऱ्यांचं काम मात्र या म्हणीच्या नेमकं उलट चालतं. गाय दानाची आहे म्हणूनच तिचे दात रोज मोजावे लागतात, आणि तेही देणाऱ्याला वाईट वाटू न देता.

हेलसिंकीतली एक डिरेक्टरी

सप्टेंबर 1991. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सजवळ स्वतः लिहिलेला एक कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, होता, जेमतेम दहा हजार ओळींचा. लोकांना द्यायचा तर तो कुठेतरी ठेवायला हवा. फिनलंडच्या विद्यापीठांना जोडणाऱ्या फुनेट या जाळ्याचा फाइली वाटणारा एक एफटीपी सर्व्हर होता. तो सांभाळणाऱ्यांपैकी आरी लेम्के यांनी त्यावर जागा दिली. टोरवाल्ड्सच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होतं. लेम्केंना ते आवडलं नाही आणि त्यांनी डिरेक्टरीला ‘लिनक्स’ असं नाव देऊन टाकलं. ज्याने जागा दिली, बारसंही त्यानेच केलं.

त्या काळी अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या तारा अरुंद होत्या. अमेरिकेतल्या प्रत्येकाने फिनलंडहून फाइल ओढायची म्हणजे गावात एकच विहीर असताना प्रत्येक घराने स्वतंत्र मोट लावण्यासारखं होतं. एमआयटीत काम करणाऱ्या थिओडोर त्सो यांनी आपल्याकडच्या एका यंत्रावर लिनक्सची प्रत ठेवायला सुरुवात केली. लिनक्सचा उत्तर अमेरिकेतला हा पहिला मोठा एफटीपी साठा. फाइल एकदाच समुद्र ओलांडणार आणि पुढे तिथल्या तिथे वाटली जाणार. मिररची सगळी कल्पना एवढ्या एका वाक्यात येते. बाकीची तीस वर्षं तिच्या अडचणी निस्तरण्यात गेली.

या कल्पनेचं व्यवस्थेत रूपांतर केलं ते टेक् वापरणाऱ्यांनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या तीन साठ्यांनी एकमेकांशी जुळवून घेऊन सीटॅन उभं केलं. 1995 मध्ये पर्ल भाषेसाठी सीपॅन आलं, त्याची मूळ प्रत पुन्हा त्या फुनेटच्याच सर्व्हरवर. 1997 मध्ये व्हिएन्नात ‘आर’साठी क्रॅन सुरू झालं. या तिन्ही नावांतलं शेवटचं अक्षर ‘नेटवर्क’चं आहे, ते उगाच नाही. साठा एक आणि त्याची घरं अनेक, हे नावातच सांगून टाकलेलं होतं.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगममार्फत, तेही टेलिफोनच्या तारेवरून. त्यावर लिनक्स उतरवून घ्यायचं म्हणजे फोनच्या बिलाने घर विकायची पाळी. म्हणून 1996 मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, तेव्हा ती सीडीच भारतातल्या कित्येकांसाठी मिरर ठरली. पुढे उबुंटूवाले तर मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवत. 2011 मध्ये ती सोय बंद झाली. तोवर कॉलेजच्या लॅबमध्ये एक सीडी आली की तिच्या नकला वसतिगृहभर फिरत. प्रत जवळच्या माणसाकडून घ्यावी, हा धडा आपण तारेवाचूनच शिकलो होतो.

देणाऱ्याचा हिशोब

कुणी फुकट देतो म्हणजे त्याला हिशोब कळत नाही, असं नव्हे. मिरर चालवणाऱ्याचा हिशोब प्रकल्पाला नीट कळला, तर तो किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधता येतो.

इंटरनेट सेवा कंपनीचं उदाहरण घ्या. तिच्या ग्राहकाने परदेशातून दोन गिगाबाइटची फाइल ओढली, तर त्या वाहतुकीसाठी कंपनीला वरच्या मोठ्या जाळ्याला पैसे मोजावे लागतात. तीच फाइल कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर असली, तर ती घरातल्या घरात फिरते. देशातल्या कंपन्या एकमेकींशी थेट जोडलेल्या असल्या तर एकीचा मिरर दुसरीच्या ग्राहकालाही स्वस्तात पडतो. भारतात यासाठीच 2003 मध्ये निक्सी हे राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र उभं राहिलं आणि मुंबईतही त्याचा नाका आला. त्याआधी अंधेरीहून ठाण्याला जाणारं पत्र कधी कधी परदेशी जाऊन परत यायचं. रस्ता आखूड झाल्यावर वाटेवर पाणपोई घालण्यात अर्थ आला.

विद्यापीठाचा हिशोब निराळा. एका लॅबमध्ये साठ संगणक, साठांनाही तीच दुरुस्ती हवी. ती आवारातच ठेवलेली बरी. एकदा ठेवलीच आहे तर दार बाहेरच्यांनाही उघडायला फारसं काही लागत नाही. आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागाचा मिरर भारतातल्या डेबियन आणि उबुंटूकरांच्या परिचयाचा आहे. जर्मनीतलं आखेन विद्यापीठ डझनावारी प्रकल्पांच्या प्रती ठेवतं. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात तर ट्युना नावाचा विद्यार्थ्यांचा गट हे काम करतो आणि त्यांचा मिरर चीनमधल्या सर्वांत लोकप्रिय मिररांपैकी एक आहे. उमेओचं संगणक मंडळही विद्यार्थ्यांचंच. डेबियनच्या अधिकृत सीडी-डीव्हीडींच्या प्रतिमा तिथूनच वाटल्या जातात. विशीतल्या पोरांना हजारो लोक रोज वापरतात असा सर्व्हर चालवायला मिळतो, यापेक्षा मोठं प्रात्यक्षिक कुठलं?

पण विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, कंपन्या विकल्या जातात, विभागप्रमुख बदलतात. सर्व्हर मात्र कपाटात तसाच चालू राहतो, म्हणजे आजारी पडला तरी कुणाला न कळता. म्हणून मिररांची यादी सांभाळणारा अनुभवी माणूस नव्या देणाऱ्याला पहिला प्रश्न डिस्कचा विचारत नाही. तो विचारतो, ‘अडचण आली तर कळवायचं कुणाला?’ आणि त्याला एका व्यक्तीचा पत्ता नको असतो. माणूस गेला तरी चालू राहील असा विभागाचा किंवा गटाचा ई-मेल पत्ता हवा असतो. त्यानंतर येतात जागा किती, बँडविड्थ किती, कुठल्या देशात, मूळ प्रत कुठून आणि दिवसातून किती वेळा घेणार, हे प्रश्न. मिरर-व्यवस्थापनाची वही ही अशी आधी माणसांची असते आणि मग यंत्रांची.

नक्कल उतरवताना

डेबियनचा पूर्ण साठा काही टेराबाइटांचा आहे आणि तो दिवसातून चार वेळा बदलतो. प्रत्येक वेळी सगळा नव्याने उतरवणं अशक्य. इथे कामाला येतो आरसिंक नावाचा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये तो लिहिला. दोन ठिकाणच्या याद्या समोरासमोर धरायच्या. आकार किंवा तारीख जिथे जुळत नाही तेवढ्याच फाइली हलवायच्या. फाइल मोठी असून तिच्यात थोडाच बदल झाला असेल, तर तिचेही तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची छोटी बेरीज काढायची आणि न जुळणारे तुकडेच पाठवायचे. दोन पोथ्या ताडून पाहणारे दोघे जण ओव्या मोठ्याने न वाचता फक्त ओवीचा क्रमांक आणि तिची खूण सांगत गेले, तसं हे चालतं.

ट्रिजेलच्या या हत्याराने वेळ वाचला, पण क्रमाचा प्रश्न उरला. कल्पना करा, ग्रंथालयाने नवी सूची फळ्यावर लावली आणि पुस्तकं अजून टेम्पोतच आहेत. वाचक सूची पाहून पुस्तक मागतो, ते कपाटात नसतं. मिररवर नेमकं हेच होतं. सूचीची फाइल आधी आली आणि पॅकेजं, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रामच्या फाइली, मागून आली, तर मधल्या तासाभरात येणाऱ्या प्रत्येक संगणकाला ‘फाइल सापडली नाही’ हे उत्तर मिळतं. म्हणून डेबियनने नक्कल दोन फेऱ्यांत उतरवायची शिस्त घालून दिली. पहिल्या फेरीत फक्त नवी पॅकेजं आणायची, जुनं काहीच पुसायचं नाही. ती सगळी पोचली की दुसऱ्या फेरीत सूची बदलायची आणि अगदी शेवटी जुनी पॅकेजं काढायची. पुस्तकं आधी कपाटात, मग फळ्यावर नाव, मग रद्दी.

दुसरी शिस्त उतरंडीची. दोनशे मिरर एकाच मूळ सर्व्हरवर तुटून पडले तर तो बसेल. म्हणून मोजके, खात्रीचे, जाड तारेचे मिरर थेट मुळाशी जोडायचे आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून घ्यायचं. आर्चसारखे प्रकल्प याला सरळ पहिली पायरी, दुसरी पायरी असं म्हणतात. वेळेचीही एक गंमत आहे. सर्व्हरवर काम ठरावीक वेळी चालावं म्हणून क्रॉन वापरतात आणि माणूस सवयीने वेळ लिहितो ती पूर्ण तासाची. परिणाम असा की बरोबर बाराच्या ठोक्याला सगळं जग एकदम दार ठोठावतं आणि बारा वाजून पाच मिनिटांनी अंगण रिकामं. म्हणून नव्या मिररला दिला जाणारा सल्ला ठरलेला: मिनिट कुठलंही निवडा, शून्य सोडून.

नवी आवृत्ती बाहेर पडण्याचा दिवस म्हणजे लग्नघर. फेडोराने त्यासाठी काढलेली युक्ती मला फार आवडते. नव्या आवृत्तीच्या फाइली काही दिवस आधीच सगळ्या मिररांना दिल्या जातात, पण ज्या डिरेक्टरीत त्या असतात तिची परवानगी बाहेरच्यांसाठी बंद ठेवलेली असते. माल गोदामात पोचलेला आणि गोदामाला कुलूप. ठरलेल्या दिवशी मूळ सर्व्हरवर त्या परवानगीचा फक्त एक बिट उलटतात. मिरर पुढच्या फेरीला तेवढाच बदल ओढतात आणि जगभरची कुलपं एकापाठोपाठ उघडतात. कित्येक गिगाबाइटांची वरात आधीच पोचलेली असते. मुहूर्ताला फक्त अंतरपाट दूर होतो.

मिरर इतका आज्ञाधारक असतो, हाच त्याचा धोकाही. वर काही पुसलं गेलं की तो इमानदारीने आपल्याकडचंही पुसतो. मार्च 2013 मध्ये केडीई या प्रकल्पाला हे फार जवळून पाहायला मिळालं. त्यांच्या मुख्य सर्व्हरवरची फाइल व्यवस्था बिघडली. सुमारे 1500 कोडसाठे तिथे होते, आणि त्यांच्या प्रती ठेवणाऱ्या यंत्रांनी वरच्या बिघडलेल्या यादीबरहुकूम आपल्याकडचे साठेही काढून टाकले. एका यंत्रावरची प्रत सुदैवाने वाचली, तिच्यावरून सगळं परत उभं राहिलं. वाटपाच्या मिररांनाही हाच नियम लागू आहे. आरशासमोर माणसाचं नाक कापलं गेलं, तर आरशातलं नाक शाबूत राहत नाही. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे.

कुणाला कुठे धाडायचं

सुरुवातीच्या काळात प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मिररांची लांबलचक यादी असे आणि वापरणाऱ्याने आपल्या जवळचा देश बघून निवडायचं असे. लोक बहुधा यादीतलं पहिलं नाव दाबत. अकारविल्हे याद्यांमुळे ज्या देशांची नावं वर येत त्यांच्या मिररांना काम जास्त, तळातल्यांना सुट्टी. मग ही निवड यंत्राकडे सोपवली गेली. फेडोरासाठी डेल कंपनीतल्या मॅट डॉम्श यांनी मिररमॅनेजर लिहिला. ओपनसुसेसाठी पेटर प्यॉम्ल यांनी लिहिलेला मिररब्रेन पुढे लिबरऑफिससारख्या प्रकल्पांनीही घेतला. व्हिडिओलॅनने स्वतःसाठी मिररबिट्स तयार केला.

या सगळ्यांचं काम टपालखात्यातल्या वर्गवारीवाल्यासारखं. मागणी कुठल्या आयपी पत्त्यावरून आली ते पाहायचं. तो पत्ता ज्या जाळ्यातला, त्याच जाळ्यात मिरर असेल तर तिथे पाठवायचं. नसेल तर त्या देशात, तेही नसेल तर त्या खंडात. एका ठिकाणी अनेक मिरर असले तर ज्याची तार जाड त्याला जास्त पाहुणे, बारीक तारेच्याला कमी. कोल्हापूरहून आलेल्या माणसाला मुंबईचा मिरर मिळावा. पण मुंबईत कुणी जागेवर नसेल तर त्याला सिंगापूर चालेल, उपाशी पाठवायचं नाही.

‘जागेवर नसेल तर’ हे ठरवायचं कसं? इथून दातांची मोजणी सुरू होते. वर्गवारीवाला कार्यक्रम दर काही मिनिटांनी प्रत्येक मिररचं दार वाजवतो आणि माहितीतली एखादी फाइल आहे का विचारतो. उत्तर आलं नाही की नाव यादीतून तात्पुरतं काढतो, परत आलं की परत जोडतो. यात कुणाला पत्र नाही, रागावणं नाही.

साध्या हाकेला ओ मिळाली म्हणजे तब्येत ठीक आहे असं नाही. काही मिरर फाइल नसतानाही ‘सर्व ठीक’ असा संकेत देतात आणि फाइलऐवजी ‘क्षमस्व, पान सापडले नाही’ असं लिहिलेलं वेबपान पाठवतात. उतरवणाऱ्याला वाटतं प्रोग्राम आला. उघडला तर आत माफीनामा. म्हणून नुसतं अस्तित्व पाहून भागत नाही, आकारही पाहावा लागतो. आणि सर्वांत फसवा आजार शिळेपणाचा: सर्व्हर चालू, फाइली व्यवस्थित, फक्त तीन आठवड्यांपूर्वीच्या. यावर डेबियनचा उपाय साधा आहे. मूळ सर्व्हर प्रत्येक बदलाबरोबर एका ठरलेल्या जागी वेळेची छोटी नोंद ठेवतो. मिरर ती नोंद इतर फाइलींबरोबरच उचलतो आणि शेजारी स्वतःचीही नोंद ठेवतो. दोन्ही वाचल्या की हा मिरर किती तास मागे आहे हे त्याला न विचारता कळतं. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, तसंच.

मागे पडलेल्याला पत्र लिहायची पाळी येतेच. त्या पत्राचा सूर सांभाळणं हे मिरर-व्यवस्थापकाचं खरं कसब. समोरचा आपल्याला फुकट देतोय, त्याची दिवसाची नोकरी वेगळी आहे, आणि बहुधा त्याला आपली डिस्क भरल्याचं ठाऊकच नाही. ‘तुमचा मिरर नादुरुस्त आहे’ असं लिहिण्याऐवजी ‘अमुक तारखेपासून तमुक फाइल पुढे सरकलेली दिसत नाही, आमच्याकडून काही चुकतंय का?’ असं लिहिलं की काम होतं. नाव आधीच यादीतून निघालेलं असतं. पत्र नातं टिकवण्यापुरतं.

आरशाच्या मागे कोण?

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की मिरर चालवणारा भला माणूस आहे. तो तसा नसेल तर?

2008 मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासून पाहिला. त्यांनी भाड्याने सर्व्हर घेतला, खोट्या नावाने मिरर उभा केला आणि उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस आणि डेबियन या पाचांच्याही मिरर-याद्यांसाठी अर्ज केला. पाचही ठिकाणी स्वीकार झाला. हजारो संगणक त्या मिररकडे येऊ लागले. त्यांत सरकारी आणि लष्करी यंत्रंही होती. संशोधकांनी कुणाचं वाईट केलं नाही, पण करता आलं असतं ते दाखवून दिलं. एवढ्या वर्षांच्या सौजन्याचं दार फक्त लोटलेलं होतं.

मग सगळं बुडालं का नाही? कारण यातल्या बहुतेक प्रकल्पांनी मिररवर विश्वास टाकायची गरज आधीच कमी करत आणली होती. हे समजायला पैठणला जाऊ. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर तीनशे वर्षं ती नकलांमधून पसरली. नकलणाऱ्यांत भक्ती होती, दुष्टावा नव्हता, तरी पाठ बदलत गेले. शेवटी एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुढच्या वाचकापुढे प्रश्न तोच राहिला: माझ्या हातातली प्रत नाथांच्या पाठाबरहुकूम आहे, हे मी कसं ओळखू? एक एक ओवी ताडल्यावाचून इलाज नाही.

संगणकावर हे ताडणं एका ओळीत होतं. कुठल्याही फाइलवर ठरावीक गणित केलं की 64 चिन्हांचा एक ठसा निघतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. डेबियनच्या सूचीत प्रत्येक पॅकेजचा असा ठसा लिहिलेला असतो. सगळ्या सूच्यांचे ठसे एका छोट्या ‘रिलीज’ नावाच्या फाइलमध्ये असतात आणि त्या फाइलवर प्रकल्पाची डिजिटल सही असते. सही पारखायची किल्ली तुमच्या संगणकावर पहिल्यापासून असते. मिररवाल्याने एखाद्या पॅकेजमध्ये खडा मिसळला तर ठसा जुळत नाही. ठसा बदलला तर सूचीचा ठसा जुळत नाही. सूचीही बदलली तर सही फिसकटते, आणि सही त्याला करता येत नाही. 2007 पासून डेबियनचं पॅकेजं बसवणारं एपीटी हे सगळं आपसूक करतं.

एक पळवाट मात्र उरते आणि कॅपोस यांनी बोट ठेवलं ते तिच्यावर. लबाड मिररने काही बदलायचंच नाही, फक्त पुढे सरकायचं थांबायचं. महिन्यापूर्वीची सूची, तिच्यावरची सही अगदी खरी. पण मधल्या महिन्यात जी भगदाडं बुजवली ती तुमच्या संगणकावर उघडीच. यावर उपाय म्हणून सहीच्या फाइलवर मुदत लिहायला लागले: अमुक तारखेनंतर ही सूची मानू नये. डेबियनच्या सुरक्षा-दुरुस्त्यांच्या सूचीवर ही मुदत मोजक्या दिवसांचीच असते. शिवाय या तातडीच्या दुरुस्त्यांसाठी डेबियनने स्वतःचा वेगळा पत्ता ठेवला आहे आणि तिथला साठा इतरांनी मिरर करावा अशी त्यांची अपेक्षा नसते. फेडोराचा मिररमॅनेजर आणखी वेगळ्या वाटेने जातो. मिररांच्या पत्त्यांबरोबर तो ताज्या सूचीचा ठसाही प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून देतो.

जिथे ही मोजणी यंत्राकडे नव्हती, तिथे काय झालं ते नोंदलेलं आहे. सप्टेंबर 2012 मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांना जागा देणाऱ्या सोर्सफोर्ज या संकेतस्थळाच्या मिररांपैकी कोरियातल्या एकात कुणीतरी घुसलं आणि त्याने पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या एका झिप फाइलमध्ये चोरदरवाजा ठेवला. लक्षात येईपर्यंत सुमारे 400 जणांनी ती उतरवली होती. मे 2017 मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या दोन डाउनलोड सर्व्हरांपैकी एकाशी असंच झालं. 2 ते 6 मेच्या दरम्यान मॅकसाठी फाइल उतरवणाऱ्याच्या वाट्याला हेर येण्याची शक्यता निम्मी होती. अमेरिकेतल्या पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका संस्थापकाला तो आला आणि कंपनीचा स्रोतसंकेत चोरीला गेला.

हँडब्रेकच्या प्रकरणात एक तपशील सगळ्यांत बोलका आहे. त्याच दिवसांत ज्यांनी प्रोग्रामच्या (आवृत्ती 1.0 किंवा पुढच्या) आतल्या ‘अपडेट’ सोयीतून नवी फाइल घेतली ते सुरक्षित राहिले. ती सोय फाइलवरची सही स्वतः तपासत होती. संकेतस्थळावर जाऊन हाताने उतरवणाऱ्यांसाठीही ठसे छापलेले होतेच, पण ते ताडून पाहायचा कंटाळा कुणाला नसतो? दात मोजायचं काम माणसावर सोपवलं की ते होत नाही.

एकच मोठा आरसा

आज हे सगळं जुनं वाटू शकतं. मोठ्या कंपन्यांची सीडीएन, म्हणजे जागोजागी प्रती ठेवून मजकूर वाटणारी जाळी, शहरोशहरी पोचली आहेत. अपाची प्रतिष्ठानने 2021 मध्ये आपलं स्वयंसेवी मिररांचं जाळं आवरतं घेतलं आणि डाउनलोड सीडीएनवर नेले. डेबियननेही एक पत्ता दिला आहे, ज्याच्यामागे देणगीदाखल मिळालेलं सीडीएन आहे. नव्या संगणकावर डेबियन बसवताना सहसा तोच सुचवला जातो. डेबियनच्या सार्वजनिक एफटीपी सेवेचं दार तर 1 नोव्हेंबर 2017 लाच बंद झालं. व्यवस्थापकाच्या बाजूने पाहिलं तर दोनशे पत्रव्यवहारांऐवजी एक, ही सोय खोटी नाही.

पण एक मोठा आरसा म्हणजे एक मोठा मालक. 2015 मध्ये सोर्सफोर्जने गिंप या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीचं, मूळ मंडळी सोडून गेलेलं खातं स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि इन्स्टॉलरबरोबर जाहिरातींचं सामान जोडून दिलं. बोभाटा झाला, माघार घ्यावी लागली, पुढच्या वर्षी मालकी बदलली आणि ती प्रथा थांबली. वाटपाची चावी एका हातात असली की काय होऊ शकतं, हे मात्र लोकांना दिसलं. सीडीएनही दानच आहे, फक्त दाता एक आणि प्रचंड. त्याच्या संचालक मंडळाची मर्जी फिरली तर दुसऱ्या दिवशी जायचं कुठे? दोनशेपैकी दहा मिरर बंद पडले तर कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून मिररांची जात संपलेली नाही, तिने अंग चोरलं आहे. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत काही जणांनी कार्यालयांतून बाद झालेले वहीएवढे जुने संगणक घेऊन त्यांत दोन टेराबाइटची डिस्क घातली आणि ते छोट्या इंटरनेट कंपन्यांच्या कपाटांत ठेवायला सुरुवात केली. सगळा साठा ठेवायचा अट्टाहास नाही. ज्या मोजक्या फाइलींना सर्वाधिक मागणी, तेवढ्याच. कंपनीने फक्त वीज आणि तार द्यायची. यंत्राची देखभाल ही मंडळी दुरून करतात. मिररवाल्याचा सगळ्यांत मोठा आजार म्हणजे सांभाळणारा निघून जाणं. त्यांनी औषध शोधलं ते त्यावरच.

डेबियन किंवा उबुंटू वापरत असाल तर ‘एपीटी अपडेट’ ही आज्ञा तुमच्या ओळखीची आहे. पडद्यावर भराभर ओळी सरकतात: एवढं मिळालं, हे आधीच होतं, ते वगळलं. कुणी त्या वाचत नाही. त्या दोन-चार सेकंदांत तुमच्या संगणकाने कुठल्या तरी अनोळखी विद्यापीठाच्या दारात जाऊन सही पारखलेली असते, असेल तिथे मुदत वाचलेली असते, ठसे जुळवलेले असतात. सगळं जुळलं की ओळी संपतात आणि कर्सर पुन्हा लुकलुकू लागतो. दारातल्या माणसाला ‘तू कोण?’ असं विचारावं लागलेलं नसतं, आणि त्यालाही तुमचं नाव ठाऊक नसतं. गाय दानाचीच असते. दात मात्र रोज मोजलेले असतात, म्हणून तर दूध न विचारता पिता येतं.